वाचकांचे प्रश्न: फर्नांदो दे फुएन्तेस आणि क्रांतीचे तीन सिनेमे

गेल्या अंकात जुन्या मेक्सिकन बोलपटांवर एक टिपण दिलं होतं, त्यात फर्नांदो दे फुएन्तेस या डायरेक्टरबद्दल चार ओळी होत्या आणि यावेळी जवळजवळ सगळी पत्रं त्या चार ओळींवरच आलीयत. बरं वाटलं. सगळी छापता येत नाहीत म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी आधी सिनेमे बघा मग हे वाचा, कारण शेवटांबद्दल बोलल्याशिवाय या माणसाबद्दल काही बोलताच येत नाही.

प्रश्न: जुना मेक्सिकन सिनेमा म्हटलं की मला फक्त एमिलियो फर्नांदेस माहितीये. मग हा दे फुएन्तेस कोण? त्याच्या आधीचा की बरोबरीचा?

उत्तर: आधीचा. फर्नांदेसचा ‘मारिया कान्देलारिया’ १९४३ चा, १९४६ मध्ये त्याला कान फिल्म फेस्टिवलचं मोठं बक्षीस मिळालं आणि बाहेरच्या जगाला मेक्सिकन सिनेमाचा पत्ता लागला, म्हणून सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलंय. दे फुएन्तेस त्याच्या दहा वर्षं आधी कामाला लागलेला. जन्म १८९४ चा, वेराक्रुसचा. डायरेक्टर व्हायच्या आधी तो मेक्सिको सिटीत सिनेमा थिएटर चालवायचा, म्हणजे पब्लिक कुठे हसतं, कुठे चुळबुळ करतं, कुठे उठून बाहेर जातं हे त्याने कॅमेऱ्यामागे जायच्या आधीच बघून ठेवलेलं होतं आणि माझ्या मते ही गोष्ट त्याच्याबद्दल लिहिताना लोक फार पटकन ओलांडून जातात.

१९३२ ला ‘सान्ता’ आला, मेक्सिकोतल्या अगदी पहिल्या बोलपटांपैकी, ज्यात आवाज थेट फिल्मवरच रेकॉर्ड केलेला होता, रोद्रिगेस भावंडांनी बनवलेल्या यंत्रावर. त्यात दे फुएन्तेस असिस्टंट होता. त्याच वर्षी त्याने स्वतःचा पहिला सिनेमा केला आणि पुढच्या वर्षी, १९३३ ला, एकाच वर्षात चार! त्यातले दोन आजही लोक शोधून शोधून बघतात. म्हणजे शिकायला वगैरे त्याला वेळच मिळालेला नाही, बोलपट ही गोष्टच तिथे नवी होती, सगळे एकत्रच शिकत होते, हा जरा जास्त वेगाने शिकला.

फर्नांदेसचं नाव काढलंत म्हणून सांगते, दे फुएन्तेसच्या १९३६ च्या ‘आया एन एल रांचो ग्रांदे’मध्ये तो नाचताना दिसतो. डायरेक्टर व्हायच्या आधीचा. नीट बघा, सापडेल.

प्रश्न: क्रांतीची ‘त्रयी’ असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे एकच गोष्ट तीन भागात आहे का? आणि मेक्सिकोचा इतिहास माहीत नसेल तर काही कळेल का?

उत्तर: एकच गोष्ट नाही. पात्रं वेगळी, गावं वेगळी, फक्त काळ एकच, १९१० नंतरची मेक्सिकन क्रांती. ‘एल प्रिसिओनेरो त्रेसे’ म्हणजे तेरा नंबरचा कैदी (१९३३), ‘एल कोम्पाद्रे मेंदोसा’ (१९३३ ला बनला, १९३४ ला लागला) आणि ‘वामोनोस कोन पांचो विया’ म्हणजे चला पांचो वियाबरोबर (१९३५ ला बनला, १९३६ च्या शेवटी लागला). त्रयी हे नाव नंतरच्या समीक्षकांनी दिलेलं.

इतिहास एवढा पुरतो. पोर्फिरियो दियासची तीसेक वर्षांची सत्ता गेली, मादेरो प्रेसिडेंट झाला, १९१३ ला जनरल वेर्ताने त्याला पाडला आणि मादेरोचा खून झाला, मग वेर्ताच्या विरोधात उत्तरेला विया, दक्षिणेला सापाता आणि तिसरीकडे करान्सा उठले, वेर्ता गेला, आणि मग हे तिघं एकमेकांशी भांडले. करान्साची बाजू जिंकली. सापाताला १९१९ मध्ये दगा देऊन मारलं, करान्साला १९२० मध्ये, वियाला १९२३ मध्ये. झालं.

पण खरं लक्षात ठेवायची गोष्ट तारखांमध्ये आहे बघा. वियाला मारलं १९२३ ला आणि हे सिनेमे १९३३ ते ३५ चे. म्हणजे दहा-बारा वर्षं. थिएटरमध्ये बसलेल्या कित्येकांनी ती लढाई स्वतः केलेली, कुणाचा भाऊ गेलेला, आणि सरकार त्याच क्रांतीचं नाव घेऊन चाललेलं, भिंतींवर तिचीच मोठमोठी चित्रं रंगवली जात होती. अशा वेळी क्रांतीवर सिनेमा काढायचा म्हणजे झेंडे, भाषणं, हिरो हे सगळं आयतं तयार होतं. दे फुएन्तेसने त्यातलं काही घेतलं नाही. पहिल्या सिनेमात लाचखाऊ कर्नल, दुसऱ्यात दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा जमीनदार, तिसऱ्यात एकेक करून फुकट मरणारे सहा मित्र. क्रांती चूक होती असं तो कुठेही म्हणत नाही हं, तो फक्त विचारतो की तिच्या चाकाखाली कोण आलं. सगळं काम ह्या एका प्रश्नावर उभं आहे असं मला वाटतं.

प्रश्न: ‘तेरा नंबरचा कैदी’ बघितला. शेवटी सगळं स्वप्न होतं असं निघतं! एवढा चांगला चाललेला सिनेमा असा का फुकट घालवला?

उत्तर: त्याने नाही घालवला, घालवायला लावला.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कर्नल कारास्को, दारुडा, बायको तान्ह्या मुलाला घेऊन निघून गेलेली. वर्षं जातात. वेर्ताच्या राजवटीत तेरा जणांना गोळ्या घालायच्या असतात. त्यातल्या एकाच्या घरचे पैसेवाले, ते कर्नलला लाच देतात, कर्नल त्याला सोडतो. पण आकडा तर तेरा भरायला पाहिजे ना, म्हणून शिपाई रस्त्यावरून कुणालातरी उचलून आणतात, आणि तो निघतो कर्नलचाच मुलगा. कर्नलला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आर्मीला हे पचलं नाही. गणवेशातला माणूस असा दाखवायचा म्हणजे काय! शेवट बदलायला लागला आणि कर्नल दारूच्या नशेतून जागा होतो असं जोडलं. पण मजा अशी की तो जोडलेला तुकडा इतका घाईचा आहे की बघणाऱ्याचा त्यावर विश्वासच बसत नाही, आधीचा तासभर जे बघितलंय तेच डोक्यात राहतं. आल्फ्रेदो देल दिएस्त्रोने कर्नल केलाय, जाडजूड, घामट, आणि कुठेही खलनायकासारखा डोळे वटारत नाही. त्याच्या दृष्टीने लाच घेणं हे एक ऑफिसचं काम आहे. आणि तेरा हा आकडा भरायचा म्हणून एक माणूस कमी पडतोय, ही गोष्ट ज्या सहजपणे बोलली जाते ना, ती नंतरच्या कुठल्याही रक्तपातापेक्षा जास्त भयंकर आहे.

प्रश्न: तुम्ही ‘कोम्पाद्रे मेंदोसा’ला सगळ्यात वर ठेवलंत. मी अर्धा तास बघितला आणि सोडला, नुसती लोकं येतात, जेवतात, जातात. नक्की काय बघायचं त्यात?

उत्तर: नेमकं तेच! लोकं येतात, जेवतात, जातात, तोच तर सिनेमा आहे. परत लावा आणि भिंतीकडे बघा.

रोसालियो मेंदोसा हा मोठा जमीनदार. सापाताची माणसं येताना दिसली की घरातला नोकर भिंतीवर सापाताचा फोटो टांगतो, सरकारी फौज आली की सापाता खाली आणि वेर्ता वर, पुढे वेर्ता गेला की करान्सा. तेच टेबल, तेच आदरातिथ्य, तीच ब्रँडी, पाहुणे बदलले की फोटो बदलतो. पब्लिक हसतं. मीही हसले. आणि दे फुएन्तेस तुम्हाला मुद्दाम हसू देतो, कारण मेंदोसा आपल्याला आवडायला पाहिजे. तो वाईट नाहीये हो, व्यवहारी आहे, गोडबोल्या आहे, दोन्हीकडे हात ओले करून घर वाचवणारा. एकीकडे सरकारी अधिकाऱ्यांना जेवायला घालायचं, दुसरीकडे बंडखोरांना बंदुका विकायच्या.

मग येतो फेलिपे निएतो, सापाताचा जनरल. मेंदोसाच्या लग्नाच्या दिवशीच बंडखोर घरावर येतात, मेंदोसाला मारायलाच निघालेले असतात, निएतो त्याला वाचवतो. मैत्री होते. मेंदोसाला मुलगा होतो तेव्हा निएतोला त्याचा धर्मपिता करतात आणि मुलाचं नावही फेलिपे ठेवतात. मेक्सिकोत मुलाचा बाप आणि धर्मपिता यांच्यातलं हे नातं सख्ख्या भावापेक्षा कमी मानत नाहीत, असे दोघं एकमेकांचे ‘कोम्पाद्रे’, आणि सिनेमाचं नाव त्याच नात्यावरून आहे, म्हणजे पुढे जे होतं ते किती मोठं पाप आहे हे तिथल्या प्रेक्षकाला समजावून सांगायला लागलंच नसणार.

मेंदोसाची तरुण बायको दोलोरेस आणि निएतो यांच्यात काहीतरी आहे. काय आहे ते कुणीच बोलत नाही. एक शब्द नाही, स्पर्श नाही, फक्त ती बाळाला घेऊन उभी असते आणि तो बाळाकडे बघतो आणि बघता बघता नजर वर जाते, बस. आणि हे सगळं घरात एकच व्यक्ती बघत असते, मारिया नावाची मुकी मोलकरीण. एम्मा रोल्दानने केलीये, ती खऱ्या आयुष्यात देल दिएस्त्रोची, म्हणजे इथे मेंदोसाचं काम करणाऱ्या नटाची, बायको. आता विचार करा, बोलपट येऊन दीड-दोन वर्षं झालीयत, जो तो पात्रांना बोलायला आणि गायला लावतोय, आणि हा माणूस गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची साक्षीदार मुकी ठेवतो. तिला ओठांवरून कळतं, चेहऱ्यांवरून कळतं, कोण खोटं बोलतंय ते तिला मालकिणीच्या आधी कळतं. कॅमेरा तिच्याकडे वळला की समजायचं, काहीतरी सडलंय.

मग पैशाची बाजू. मेंदोसाचं सगळं पीक रेल्वेत भरलेलं असतं, ती गाडी जळते आणि तो संपतो. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा माणूस पैसा आहे तोवरच उभा असतो. करान्साच्या फौजेतला कर्नल सांगतो, निएतोला बोलावून दे, पैसे घे आणि सुखरूप मेक्सिको सिटीला जा. मेंदोसा लगेच हो म्हणत नाही. देल दिएस्त्रोचा चेहरा बघा त्यावेळी, तो घाम पुसतो, पितो, मुलाकडे बघतो. आणि निएतोला निरोप जातो. सापाताला चिनामेकाच्या हॅसिएंडात, म्हणजे जमीनदाराच्या मोठ्या वाड्यात, बोलावून कसं मारलं ते १९३४ च्या प्रेक्षकाला तोंडपाठ होतं, त्यामुळे निएतो दारातून आत येतो तेव्हा थिएटरमध्ये काय शांतता झाली असेल. शेवटी मेंदोसा बायकोमुलाला घेऊन निघतो आणि हॅसिएंडाच्या कमानीला निएतोचं प्रेत लटकवलेलं असतं, त्याच्याखालून जायचं. संपला सिनेमा. शिक्षा नाही, पश्चात्तापाचं भाषण नाही, मेंदोसा वाचला.

गोष्ट माउरिसियो माग्दालेनोची, पटकथेत हुआन बुस्तियो ओरो बरोबर होता, जो पुढे स्वतः मोठा डायरेक्टर झाला, आणि कॅमेरा अलेक्स फिलिप्सचा. ही सगळी नावं घेते कारण एकट्या डायरेक्टरला सगळं श्रेय देऊन टाकायची आपल्याला सवय आहे. पण कुठे थांबायचं आणि काय न दाखवता सोडायचं हा निर्णय दे फुएन्तेसचाच, तो त्याच्या सगळ्या चांगल्या सिनेमांत दिसतो.

प्रश्न: पांचो वियाच्या सिनेमाला दोन शेवट आहेत असं ऐकलं. खरा कोणता?

उत्तर: दोन्ही त्यानेच शूट केलेले, त्यामुळे खरा-खोटा असं नाही. लोकांनी १९३६ ला एकच बघितला.

आधी सिनेमा सांगते. राफाएल मुन्योसच्या १९३१ च्या कादंबरीवरून, पटकथा दे फुएन्तेस आणि कवी हाविएर वियाउरुतिया यांची. सान पाब्लो गावातले सहा मित्र, स्वतःला ‘सान पाब्लोचे सिंह’ म्हणवून घेतात, वियाच्या फौजेत जातात. विया पहिल्यांदा दिसतो तो रेल्वेच्या डब्यावर उभा राहून गरिबांना मका वाटताना. दोमिंगो सोलेरने विया केलाय, गोड हसतो, जमिनी देईन म्हणतो, आणि आपण पण त्या सहा जणांबरोबर खुळावतो. मग थोड्या वेळाने कुणीतरी येऊन विचारतं, पकडलेल्यांमध्ये वाजंत्रीवाले आहेत, त्यांचं काय करू? विया म्हणतो कुठल्यातरी ब्रिगेडला देऊन टाका. सगळ्या ब्रिगेडना आधीच बँड आहेत. मग घाला गोळ्या, मला कशाला त्रास देता. संपला सीन, दुसरं काम चालू. एवढाच. मला विचाराल तर सगळा विया या अर्ध्या मिनिटात आहे, आणि तो आवाजही चढवत नाही.

मित्र एकेक करून मरतात. सुरुवातीला शौर्याने. एक जण दोरीचा फास टाकून शत्रूची मशीनगन खेचून आणतो, वियासमोर आणून ठेवतो आणि पडतो. पण मरणं हळूहळू बिनकामाची होत जातात. कॅन्टीनातला सीन तर बघवत नाही. टेबलाशी तेरा जण बसलेत, तेरा म्हणजे अपशकुन (हा तेरा काही त्याला सोडत नाही बघा), मग कोण जास्त भित्रा ते ठरवायचं, दिवे घालवायचे आणि घोडा चढवलेलं पिस्तूल हवेत फेकायचं, ज्याला गोळी लागेल तो भित्रा. गोळी लागते जाड्या मेलितोनला, पोटात. आणि तो भित्रा ठरू नये म्हणून स्वतःच स्वतःला संपवतो. मर्दपणाच्या नादापायी एक चांगला माणूस हकनाक गेला, आणि कॅमेरा त्यावर एक अश्रूही ढाळत नाही.

शेवटी दोघंच उरतात, वयाने मोठा तिबुर्सियो माया आणि पोरगेला बेसेरियो. बेसेरियोला देवी येतात. हुकूम येतो, साथ पसरायला नको, जाळून टाका. तिबुर्सियोला हे काम स्वतःच्या हाताने करायला लागतं. विया येतो, काय झालं विचारतो, देवी ऐकल्यावर मागे सरकतो. हा वाघ! गोळ्यांना न भिणारा! रोगाला भिऊन मागे सरकतो आणि तिबुर्सियोला बरोबर येऊ नको म्हणतो. तिबुर्सियो रेल्वेच्या रुळांवरून अंधारात चालत घरी निघतो. १९३६ च्या प्रेक्षकांना दाखवलेला शेवट हा.

दुसऱ्या शेवटात पुढची वर्षं आहेत. हरलेला विया थोडी माणसं घेऊन तिबुर्सियोच्या शेतावर येतो, चल म्हणतो. तिबुर्सियो म्हणतो बायको आहे, मुलगी आहे, कसा येऊ. विया त्या दोघींना गोळ्या घालतो, आता तुला काही अडकवणारं नाही. तिबुर्सियो बंदूक उचलतो पण वियाचा माणूस त्यालाच मारतो, आणि विया तिबुर्सियोच्या मुलाला बरोबर घेऊन जातो. हा भाग कादंबरीतला. प्रदर्शित सिनेमात तो ठेवला नाही, कितीतरी वर्षांनी त्याची प्रिंट सापडली.

कोणता चांगला? बहुतेकांना दुसरा आवडतो, जास्त धाडसी म्हणून. मला पहिलाच पटतो. दुसऱ्यात विया राक्षस होतो, आणि राक्षस म्हटला की प्रेक्षक सुटतो, म्हणतो वाईट माणूस होता. पहिल्यात तो फक्त घाबरतो, आणि एवढ्या माणसांनी ज्याच्यासाठी जीव दिला तो आपल्यासारखाच घाबरट निघाला हे जास्त लागतं. पण यावर भांडायला मी तयार आहे, लिहा.

प्रश्न: त्याच सिनेमात कॅन्टीनात पियानो वाजवणाऱ्याच्या मागची पाटी वाचून हसलो. तो नट कोण?

उत्तर: तो नट नाही, तो सिल्वेस्त्रे रेवुएल्तास, सिनेमाचा संगीतकारच! मेक्सिकोच्या विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या संगीतकारांपैकी एक, १९४० ला फार लवकर गेला. पाटीवर लिहिलंय, कृपया पियानोवाल्यावर गोळ्या झाडू नयेत. आणि कादंबरीकार मुन्योसही पडद्यावर आहे, सहा मित्रांपैकी एक तोच, स्वतःच्याच पुस्तकातल्या मरणाने मरतो.

प्रश्न: असे तीन सिनेमे करणारा माणूस पुढे ‘रांचो ग्रांदे’सारखा गाणी-घोडे-रुसवेफुगवे असला सिनेमा कसा काय काढतो? पैशासाठी विकला गेला असंच म्हणायचं ना?

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय, आणि बहुतेकांनी उत्तरही स्वतःच देऊन टाकलंय.

आधी हिशोब बघू. वियाच्या सिनेमावर क्लासा ही नवी कंपनी उतरलेली, लासारो कार्देनासच्या सरकारने मदत केली, फौज दिली, घोडे, शस्त्रं, आख्खी आगगाडी दिली. खर्च दहा लाख पेसोच्या घरात गेला, तिथे तोवर ऐकलेला नव्हता एवढा. सिनेमा लागला ३१ डिसेंबर १९३६ ला आणि चालला नाही, क्लासाचं दिवाळं निघालं, सरकारला हात द्यावा लागला. आता दुसरी तारीख. ‘रांचो ग्रांदे’ बनला नंतर पण लागला आधी, ६ ऑक्टोबर १९३६ ला. म्हणजे लोकांनी आधी गाणी बघितली आणि तीन महिन्यांनी प्रेतं. वियाचं काय होणार होतं ते उघडच आहे.

‘रांचो ग्रांदे’ तुफान चालला. आख्ख्या लॅटिन अमेरिकेत, अमेरिकेतसुद्धा इंग्लिश सबटायटल लावून. तितो गीसार गातो, कॅमेरा गाब्रिएल फिगेरोआचा, ज्याला १९३८ ला व्हेनिसला त्या कामासाठी गौरव मिळाला. त्यानंतर जो तो रांचेरा कॉमेडी, म्हणजे असेच गाणी-घोड्यांचे सिनेमे, काढायला लागला, १९३६ ला मेक्सिकोत वर्षाला पंचवीसेक सिनेमे बनत होते ते १९३८ ला पन्नासच्या वर गेले. मेक्सिकोचं सिनेमाचं सुवर्णयुग म्हणतात त्याचा पैसा इथून आला. फर्नांदेस, फिगेरोआ, पुढचे सगळे, या इंडस्ट्रीच्या जिवावर उभे राहिले.

आणि आता ज्यावर मला खरंच बोलायचंय ते. ‘मेंदोसा’ची हॅसिएंडा आणि ‘रांचो ग्रांदे’ची हॅसिएंडा शेजारी शेजारी ठेवून बघा. तेच अंगण, तीच कमान, मालक, कारभारी, नोकर. एकीत कमानीला प्रेत, दुसरीत मालक म्हणजे मायबाप, नोकर गाणी म्हणतायत, क्रांती झालीच नाही जणू. आणि साल कुठलं, १९३६! बाहेर कार्देनास खऱ्या हॅसिएंडा तोडून शेतकऱ्यांना वाटतोय, त्याच्या सहा वर्षांत जवळजवळ १.८ कोटी हेक्टर जमीन वाटली गेली. म्हणजे जे जग कायद्याने मोडलं जात होतं ते पडद्यावर गोड होऊन परत आलं, आणि लोकांनी, ज्यांना ती जमीन मिळत होती त्यांनीही, टाळ्या वाजवल्या. राजकारणाच्या दृष्टीने हा सिनेमा चक्क उलटा आहे आणि ते झाकायचं काही कारण नाही.

पण तरी बघा, हात तोच आहे. ‘रांचो ग्रांदे’मध्ये क्रूस नावाची अनाथ मुलगी आहे, तिला सांभाळणारी बाई तिला पैशासाठी मालकाकडे रात्री नेऊन सोडते. ही बाई कोण? एम्मा रोल्दान. ‘मेंदोसा’तली मुकी साक्षीदार. आणि तिच्या दारुड्या जोडीदाराचं काम करणारा ‘चाफ्लान’ हा वियाच्या सहा सिंहांपैकी एक. मुलीचा सौदा होतोय आणि सिनेमा गाण्याकडे वळतो. सौदा होता, तो दिसला, आणि मग सगळ्यांनी ठरवलं की दिसला नाही. माणसं कशी विकली जातात ते त्याला शेवटपर्यंत माहीत होतं, फक्त या वेळी तो तिथे थांबला नाही.

विकला गेला का? थिएटर चालवलेला माणूस होता, रिकाम्या खुर्च्या मोजता येत होत्या. त्याच्यावर राग धरण्यापेक्षा मला त्या पब्लिकचं कुतूहल वाटतं. मात्र यानंतर, १९५८ ला जाईपर्यंत, तो ‘मेंदोसा’च्या उंचीला परत कधी गेला नाही हे खरं, आणि १९४९ ला त्याने ‘रांचो ग्रांदे’ परत एकदा काढला तेव्हा मात्र माझ्याकडेही त्याच्या बाजूने बोलायला काही उरत नाही.

प्रश्न: त्याच्या सिनेमात बायकांना काही काम असतं की नुसत्या रडतात?

उत्तर: क्रांतीच्या सिनेमांत बायका कमी आहेत, आणि ज्या आहेत त्यांना घरात काय चाललंय ते पुरुषांच्या आधी कळतं पण त्यांचं कुणी ऐकत नाही. दोलोरेस आणि मारिया तशाच. नंतर १९४३ ला त्याने रोमुलो गायेगोसच्या कादंबरीवरून ‘दोन्या बार्बारा’ केला, व्हेनेझुएलाच्या मैदानी मुलखातली जमिनी गिळणारी जबरदस्त बाई, मारिया फेलिक्स. त्या भूमिकेवरून तिला आयुष्यभर ‘ला दोन्या’ म्हणत राहिले. सिनेमा मला जरा जड वाटतो, स्टुडिओचा वास येतो, पण फेलिक्स पडद्यावर आली की बाकीचे फर्निचर होतात. आणि एक, ‘तेरा नंबरचा कैदी’मध्ये कर्नलला सोडून जाणारी बायको केलीये आदेला सेकेरोने, ती पुढे स्वतः डायरेक्टर झाली, मेक्सिकन बोलपटातली पहिली बाई डायरेक्टर. तिच्यावर वेगळं पान व्हायला पाहिजे.

प्रश्न: आज मेक्सिकोत त्याला कोण विचारतं?

उत्तर: मधे बराच काळ कुणी नाही. तो ‘रांचो ग्रांदे’वाला म्हणूनच ओळखला जायचा. साठच्या दशकात तिथल्या तरुण समीक्षकांनी आणि फिल्म क्लबवाल्यांनी जुने सिनेमे परत काढले तेव्हा हे तीन वर आले, आणि १९९४ ला ‘सोमोस’ मासिकाने समीक्षकांकडून मेक्सिकोच्या शंभर सर्वोत्तम सिनेमांची यादी करून घेतली त्यात पहिला नंबर ‘वामोनोस कोन पांचो विया’ आणि तिसरा ‘कोम्पाद्रे मेंदोसा’. दुसरा बुन्युएलचा ‘लोस ओल्विदादोस’, मग बघा कुठल्या पंगतीत बसलाय. ज्या सिनेमाने कंपनी बुडवली तो पहिला!

हे सिनेमे आपल्यापर्यंत पोचले हेच मोठं आहे. मार्च १९८२ मध्ये मेक्सिको सिटीतल्या सिनेतेका नासिओनालला, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला, आग लागली, जुन्या नायट्रेट फिल्मने पेट घेतला आणि हजारो प्रिंट गेल्या.

प्रश्न: एक महिना सुट्टी आहे. कुठल्या क्रमाने बघू?

उत्तर: आधी ‘मेंदोसा’. मग ‘विया’. ‘तेरा नंबरचा कैदी’ तिसरा, कारण तो जरा कच्चा आहे आणि पहिले दोन बघितल्यावर त्यातला चांगुलपणा नीट दिसतो. मधे चव बदलायला ‘एल फान्तास्मा देल कोनवेन्तो’ (१९३४) बघा, जुन्या मठातला भुताचा सिनेमा, तेपोत्सोत्लानच्या खऱ्याखुऱ्या मठात शूट केलेला, आणि तो रात्री दिवे घालवून बघा. ‘रांचो ग्रांदे’ शेवटी, आणि बघाच, तोंड वाकडं करून टाळू नका. प्रिंट जुन्या आहेत, आवाज खरखरतो, हेडफोन लावा. वियाचा सिनेमा लावताना आवृत्ती तपासा, काहींमध्ये दुसरा शेवट मागे जोडलेला असतो, काहींमध्ये नाही. आणि ‘रांचो ग्रांदे’ शोधताना होर्हे नेग्रेते दिसला तर तो १९४९ चा, तो बंद करा.